घरच्या घरी जुन्या जीपचे मागचे पाटे बदलताना

पंचवीस-तीस वर्षे जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप पुण्यात अजूनही पुष्कळ घरांसमोर उभी असते आणि सुट्टीच्या दिवशी मुळशी, वेल्हे किंवा ताम्हिणीकडच्या कच्च्या वाटांवर उतरते. अशा गाडीचे इंजिन मालक जिवापाड जपतात, पण मागच्या ॲक्सलवर (दोन्ही चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) सारा भार पेलणाऱ्या पाट्यांकडे (कमानदार पोलादी पट्ट्यांच्या गठ्ठ्यांकडे, म्हणजे लीफ स्प्रिंगकडे) गाडी एका अंगाला कलेपर्यंत कोणी पाहत नाही. हे पाटे घरी बदलता येतात. दोन माणसे, एक पूर्ण दिवस आणि सपाट, टणक जमीन असली तर नवख्यालाही हे काम जमते. मात्र यात ताकदीपेक्षा क्रमाला अधिक महत्त्व आहे. काय आधी सोडायचे, काय सैल ठेवायचे आणि काय अगदी शेवटी आवळायचे, हा क्रम चुकला की नवे पाटेही वर्षभरात कुरकुरू लागतात.

बदलण्याची गरज आहे का, हे आधी ठरवा

गाडी सपाट जागी रिकामी उभी करावी, चारही चाकांत ठरलेली हवा भरावी आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंना मोजून वहीत लिहावे. दोन बाजूंमध्ये बोटभर किंवा त्याहून जास्त फरक दिसत असेल, तर एका बाजूच्या पाट्यांची कमान बसली आहे असे समजावे. त्यानंतर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. हे अंतर समान नसेल, तर पाट्यांचा गठ्ठा एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल मागे किंवा पुढे सरकला असण्याची शक्यता मोठी असते. अशी गाडी रस्त्यावर किंचित तिरकी चालते आणि मागून येणाऱ्याला ते चालवणाऱ्याच्या आधी दिसते.

यानंतर पाटे तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावेत आणि प्रत्येक पाटा पाहावा. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा मुख्य पाट्याच्या टोकाला गुंडाळलेल्या डोळ्याच्या मुळाशी जातो, कारण भोकामुळे आणि वळणामुळे तिथे ताण साठतो. बारीक तडा नुसत्या नजरेला दिसत नाही. त्यासाठी जुन्या कारागिरांची एक रीत आजही कामाची आहे. संशयित जागेवर रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ मुरू द्यावे, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे आणि वरून खडूची पूड चोळावी. तड्यात शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. अशी रेघ दिसली की त्या पाट्याची दुरुस्ती होत नाही, तो बदलावाच लागतो. पाट्याचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, विझवून आणि पुन्हा मंद तापवून कडक व लवचीक केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तो गुण त्या जागेपुरता नाहीसा होतो आणि जोडाच्या शेजारीच नवा तडा जातो.

तडा नसून नुसतीच कमान बसली असेल, तर पाटेवाल्याकडे नेऊन पाटे पुन्हा वाकवून घेता येतात. हे काम स्वस्त पडते आणि रोज शहरातच फिरणाऱ्या गाडीला काही काळ पुरते. पण माझ्या मते डोंगरवाटांवर जाणाऱ्या गाडीला नवाच संच घालावा, कारण थकलेले पोलाद पुन्हा वाकवले म्हणून ताजे होत नाही. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पाटे नेहमी जोडीनेच बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना संच ठेवला, तर गाडी वळणावर दोन्ही दिशांना सारखी झुकत नाही.

खरेदी

नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात जुन्या जीपचे बहुतेक सामान मिळते. तिथे नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार पाट्यांची संख्या आणि रुंदी बदललेली असू शकते. म्हणून पाट्यांची संख्या, रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, दोन डोळ्यांमधले अंतर, डोळ्याचा आतला व्यास आणि पुढच्या डोळ्यापासून सेंटर बोल्टपर्यंतचे अंतर लिहून न्यावे. हे शेवटचे माप विसरू नये. पुष्कळ संचांत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नसतो, आणि तसा संच उलटा बसवला तर ॲक्सलच जागा सोडतो.

दुकानात ‘थोडे कडक पाटे घ्या, गाडी उंच राहील’ असा सल्ला हमखास मिळतो. त्यावर निर्णय घेण्यापूर्वी एक हिशेब ध्यानात घ्यावा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटर जाडीचा पाटा घातला, तर केवळ १ मिलिमीटर वाढूनही तो पाटा सुमारे ५९ टक्के अधिक कडक होतो. रिकाम्या जीपला असे पाटे घातले की मागचे चाक दगडावरून चढताना खाली झुकण्याऐवजी हवेत उचलले जाते, आणि ज्या कच्च्या रस्त्यासाठी हा खटाटोप केला तिथेच पकड कमी होते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी आरटीओत गाडीची तपासणी होते. मूळ मापाचे पाटे घातले की हा प्रश्नच उरत नाही.

पाट्यांबरोबर नवे यू बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट), त्यांचे नट, डोळ्यांचे बुश (डोळ्यात बसणाऱ्या रबरी किंवा पितळी नळ्या), शॅकलचे (मागचा डोळा गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट आणि दोन जादा सेंटर बोल्ट घ्यावेत. जुने यू बोल्ट चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नयेत. ते आवळताना ताणले जातात, आणि एकदा ताणलेला, आटे झिजलेला बोल्ट दुसऱ्यांदा तितक्याच ताकदीने गठ्ठा धरून ठेवत नाही. हत्यारांपैकी पाने आणि सॉकेट जुन्या बाजारातून घेतले तरी चालतील. पण जॅक आणि जॅक स्टँड, ज्यांना गॅरेजमध्ये घोडी असेही म्हणतात, ते नवे आणि गाडीच्या वजनाला पुरून उरतील असेच घ्यावेत. जुन्या जीपवर इंचाचे आणि मिलिमीटरचे नट सरमिसळ झालेले आढळतात, त्यामुळे दोन्ही मापांचे पाने जवळ हवेत. अंदाजे बसणारा पाना गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो आणि दहा मिनिटांचे काम दोन तासांवर जाते.

आदल्या रात्रीची तयारी

काम शक्यतो पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान काढावे. आदल्या संध्याकाळी गाडीचा तळ धुऊन चिखल काढावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो डोळ्यांत पडतो. गाडी वाळली की प्रत्येक नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारावा आणि रात्रभर मुरू द्यावा. सकाळी पुन्हा एकदा मारावा.

जागेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. घोडीचे चार पाय चार वेगवेगळ्या ब्लॉकवर येतात, वजन पडले की त्यातला एखादा ब्लॉक खचतो आणि घोडी तिरकी होते. म्हणून प्रत्येक घोडीखाली आणि जॅकखाली जाड, रुंद लाकडी फळी ठेवावी. तळघरातल्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तिथे हे काम करू नये. बंगल्याचे सिमेंट केलेले अंगण सर्वांत उत्तम. सोसायटीत करायचे असेल तर समितीला आधी सांगून ठेवावे, कारण गाडी चाकांविना अर्धवट अवस्थेत असताना ती ‘जरा बाजूला घ्या’ असे कोणी म्हटले तर घेता येणार नाही.

गाडी उचलणे

नवख्या माणसाची पहिली गफलत हँडब्रेकवर विसंबण्यात होते. हँडब्रेक मागच्या चाकांना, किंवा काही जुन्या जीपमध्ये मागे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला (इंजिनाची शक्ती ॲक्सलकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याला) धरतो. मागची चाके हवेत गेली की त्याचा जमिनीशी संबंधच तुटतो आणि गाडी पुढच्या चाकांवर मोकळी घरंगळू शकते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांच्या मागे आणि पुढे भक्कम ठोकळे घट्ट बसवावेत. फोर-व्हील-ड्राइव्ह चालू स्थितीत असेल तर तो लावून, पुढचे हब (चाकांचे मधले भाग) लॉक करून गाडी गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे पुढची चाके इंजिनाशी जोडलेली राहतात. ही जोड ठोकळ्यांच्या सोबतीला आहे, त्यांच्याऐवजी नाही.

मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करावेत. मग डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या, चाकांकडे शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) फुगीर भागाखाली जॅक लावून मागचा भाग उचलावा आणि दोन्ही घोड्या चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) आडव्या-उभ्या पट्ट्यांखाली, पाट्याचा पुढचा डोळा धरणाऱ्या ब्रॅकेटच्या थोड्या पुढे ठेवाव्यात. ॲक्सल मोकळा करायचा आहे, त्यामुळे घोडी ॲक्सलखाली चालणार नाही. जॅक हलकेच सोडून वजन घोड्यांवर घ्यावे आणि गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहावे. ती या वेळी डगमगली तर पुन्हा उचलून घोड्या नीट लावाव्यात. ही परीक्षा झाल्याशिवाय शरीराचा कोणताही भाग गाडीखाली नेऊ नये, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली तर एका क्षणासाठीही नाही. काढलेली चाके चेसिसखाली आडवी सरकवून ठेवावीत, म्हणजे घोडी निसटलीच तर गाडी चाकांवर अडते.

जुना संच काढणे

एका वेळी एकच बाजू सोडावी. दुसऱ्या बाजूचा पाटा जागेवर असेपर्यंत ॲक्सल फार हलत नाही, प्रॉपेलर शाफ्ट जागेवर राहतो आणि नवा संच बसवताना दुसरी बाजू पाहून शंका मिटवता येते. काढण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर चारी बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्यामध्ये पाचरीसारखी एक पट्टी असेल, तर तिची जाड बाजू पुढे आहे की मागे हे खडूने लिहावे. ही पाचर डिफरन्शियलचे तोंड योग्य कोनात ठेवते. ती उलटी बसली तर वेगात शाफ्ट थरथरतो.

आता जॅक पुन्हा ॲक्सलखाली आणावा आणि ॲक्सलचे वजन पेलेल इतकाच वर घ्यावा. चेसिस घोडीवरून उचलली जाऊ लागली तर जॅक जास्त झाला असे समजावे. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे खालचे टोक सोडावे. चेसिसवरून ॲक्सलकडे येणारी ब्रेकची रबरी नळी, हँडब्रेकची केबल आणि डिफरन्शियलची हवेची नळी किती ताणल्या आहेत हे पाहावे. ॲक्सलचे वजन ब्रेकच्या नळीवर लोंबकळले तर नळी आतून फाटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

यू बोल्ट सोडण्यापूर्वी आपल्या गाडीत पाटा ॲक्सलच्या वर आहे की खाली, हे नीट बघून घ्यावे. पाटा वर असेल तर गाडीचे वजन ॲक्सलच्या बैठकीवर दाबले जाते आणि यू बोल्ट फक्त बांधून ठेवतात. पाटा खाली असेल तर तेच वजन यू बोल्टना लटकलेले असते. दुसऱ्या प्रकारात वजन पुरते घोड्यांवर आले आहे याची खात्री न करता नट सोडणे धोक्याचे आहे. गंजलेला यू बोल्ट पान्याने सुटत नसेल तर तो वाचवण्यात वेळ घालवू नये, कारण नवा बसवायचाच आहे. ग्राइंडरने नट उभा कापावा. पण ठिणग्यांच्या वाटेत इंधनाची टाकी, इंधनाची नळी किंवा ब्रेकची नळी येत असेल तर ग्राइंडर बाजूला ठेवून हॅकसॉ घ्यावा. डोळ्यांवर चष्मा आणि हाताशी वाळूची बादली हवीच.

यू बोल्ट निघाल्यावर मागचे शॅकल आणि शेवटी पुढच्या डोळ्याचा बोल्ट काढावा. पुढचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीशी गंजून एकजीव झालेला असतो आणि सर्वांत जास्त वेळ तोच खातो. नट काढून दुसरा जुना नट टोकाशी सपाट बसेल असा फिरवावा आणि त्यावर हातोड्याचे ठोके द्यावेत, म्हणजे आटे चेपत नाहीत. संच निघताना मदतनिसाने दोन्ही हातांनी खालून धरलेला असावा. पाट्यांच्या गठ्ठ्याचे वजन उभ्या माणसाला पेलते, पण पाठीवर पडलेल्या माणसाच्या छातीवर ते आले तर इजा होते.

नवा संच बसवणे

ब्रॅकेट आणि ॲक्सलची बैठक घासून गंज काढावा, तडे तपासावेत आणि रंगाचा एक हात द्यावा. सेंटर बोल्टचे गोल डोके बैठकीच्या भोकात नीट बसते का, हे संच वर नेण्यापूर्वीच पाहावे. भोक झिजून मोठे झाले असेल तर ॲक्सल तिथे डुलत राहतो आणि नवा सेंटर बोल्टही तुटतो. नव्या संचात दुसरा पाटा मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती वळलेला असेल, तर ते टोक जुन्या संचात ज्या दिशेला होते त्याच दिशेला ठेवावे. मुख्य पाटा तुटला तरी हे वळण ॲक्सलला काही काळ धरून ठेवते.

पहिल्यांदा पुढचा डोळा ब्रॅकेटमध्ये घालून बोल्ट नुसता अडकवावा. मग शॅकल. इथे बहुतेक जण अडतात, कारण नव्या संचाची कमान जास्त असते, त्यामुळे दोन डोळ्यांमधले सरळ अंतर कमी भरते आणि मागचा डोळा शॅकलपर्यंत पोचत नाही. पहारीने ओढाताण करण्यापेक्षा सेंटर बोल्ट बैठकीत बसवून, यू बोल्ट हाताने सैल लावून, जॅकने ॲक्सल सावकाश वर घ्यावा. पाटा दाबला जाऊन सरळ होऊ लागतो आणि डोळा आपोआप मागे सरकतो. त्या वेळी मदतनिसाचे लक्ष घोड्यांवर असावे. चेसिस वर उठू लागली की लगेच थांबावे. दोन भोके समोरासमोर आली का हे बोट घालून कधीही पाहू नये, त्यासाठी पेचकस वापरावा. पाटा निसटला तर बोट राहत नाही.

बुश रबराचे असतील तर त्यांना साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते आणि कुजते. साबणाच्या पाण्याने ते सहज सरकतात. ग्रीस निपल असलेल्या पितळी किंवा आट्यांच्या बुशना मात्र ग्रीस भरलेच पाहिजे.

आता यू बोल्ट आवळावेत. चारही नट आलटून पालटून, तिरक्या क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळावेत आणि चारही टोकांना नटाबाहेर सारखे आटे दिसतात का ते पाहावे. अखेरचा दाब टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) द्यावा. तो आकडा बोल्टच्या जाडीवर आणि प्रतीवर अवलंबून असतो, म्हणून आपल्या गाडीच्या वर्कशॉप पुस्तिकेतला घ्यावा. जुन्या पुस्तिकेत तो किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असेल तर ९.८ ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात.

डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट या वेळी पूर्ण आवळायचे नाहीत. शॉकअ‍ॅब्सॉर्बर जोडावा, दुसरी बाजू याच रीतीने करावी, चाके लावावीत, घोड्या काढून गाडी जमिनीवर उतरवावी आणि मागचा बंपर धरून ती आठ-दहा वेळा खालीवर झुलवावी. पाटे आपापल्या जागी बसले की गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, पुढच्या चाकांचे ठोकळे तसेच ठेवून, हे बोल्ट आवळावेत. रबरी बुशची आतली नळी आवळल्यावर ब्रॅकेटशी घट्ट होते आणि पाट्याची हालचाल रबराच्या पिळातून होते. बोल्ट गाडी हवेत असताना आवळला, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. माझ्या पहिल्या जीपचे पाटे बदलताना मी हेच केले होते. सहा महिन्यांत चारही बुश फाटले, गाडी गरजेपेक्षा उंच आणि अवघडलेली चालत होती, आणि कारण कळेपर्यंत मी नव्या पाट्यांनाच दोष देत राहिलो. पितळी बुशना हा नियम लागू नाही, कारण त्यांच्यात पीन मोकळी फिरते.

पहिले काही दिवस

गल्लीतच ब्रेक तपासावेत, मग गतिरोधकांवरून सावकाश जाऊन आवाज ऐकावा. सगळे ठीक असेल तर खडकवासल्यापर्यंत जाऊन यावे आणि घरी आल्यावर गाडीखाली पाहावे. सुमारे १०० किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. ते थोडे सैल मिळतातच, कारण पाट्यांमधला रंग आणि बारीक खडबडीतपणा दबून गठ्ठा किंचित पातळ होतो. ५०० किलोमीटरला पुन्हा एकदा तपासावेत आणि त्याच दिवशी सुरुवातीची मापे नव्याने घ्यावीत. नवे पाटे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडे बसतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या उंचीवर जाऊ नये. मागचा भाग उचलला गेल्याने पुढच्या दिव्यांचा झोत खाली झुकतो, तोही भिंतीसमोर गाडी उभी करून नीट करावा.

काढलेल्या दोन मुख्य पाट्यांपैकी जो बिनतड्याचा असेल तो, एक सेंटर बोल्ट आणि यू बोल्टची जोडी लांबच्या प्रवासात गाडीत ठेवावी. उरलेले पाटे भंगारात देण्याऐवजी ओळखीच्या लोहाराला द्यावेत. त्या पोलादाचे कोयते उत्तम होतात, आणि लोहार त्यातलाच एक बहुधा आपल्यालाही करून देतो.